सांध्यांवर प्रबंध करतोयस? आधी एवढं सांभाळ

विषय चांगला निवडलास. सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो: सुजलेल्या सांध्यातलं पाणी अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी काढ. डोस गेला की कल्चर (पाण्यातले जंतू वाढवून बघायची तपासणी) बऱ्याचदा कोरं येतं आणि केस कायम संशयात राहते. (रुग्ण अत्यवस्थ असेल तर मात्र औषध अडवू नकोस.) त्या पाण्यात पांढऱ्या पेशी दर मायक्रोलिटरला ५०,००० च्या वर गेल्या तर जंतुसंसर्गाचा संशय बळावतो, पण कमी आल्या म्हणून निर्धास्त होऊ नकोस. गाऊटचे (युरिक अ‍ॅसिडमुळे होणाऱ्या सांधेदुखीचे) स्फटिक दिसले तरी कल्चर पाठवच, गाऊट आणि जंतुसंसर्ग दोन्ही एकत्र असू शकतात. पहिल्या वर्षी मी इथेच चुकलो. तो रुग्ण अजून आठवतो.

बाकीचं थोडक्यात:

- आमवाताची नोंद नुसत्या आरए फॅक्टरवर (रक्ताच्या एका तपासणीवर) करू नकोस. २०१० चे एसीआर-युलार (अमेरिकन आणि युरोपीय संधिवात संघटनांचे) निकष लाव, १० पैकी किमान ६ गुण हवेत.
- एथिक्स कमिटीच्या मंजुरीआधी एकही रुग्ण घेऊ नकोस. संमतीपत्र मराठीत हवं, आणि ते वाचून दाखव.
- ऊसतोडीच्या हंगामात गगनबावडा, राधानगरीकडच्या रुग्णांचा फॉलोअप चुकतो. पहिल्याच भेटीत घरच्या दुसऱ्या कुणाचाही फोन नंबर घे.

आकडेमोडीचं नंतर बघू. आधी पहिले दहा रुग्ण नीट नोंदव, मग फॉर्म घेऊन ये, बसून तपासू.