पांढरी सहा, पण आवाज काळी चारचा

(वाचकांच्या पत्रांना उत्तरे)

प्रश्न : मुलगी सतरा वर्षांची. पियानोची आठवी ग्रेड चांगल्या गुणांनी पास झाली. आता म्हणते, मला मोझार्टच्या काळातले पियानो वाजवायचेत आणि त्यासाठी युरोपात शिकायचेय. आमच्या घरात पेटीपलीकडे काही वाजलेले नाही. हे नक्की काय असते? आणि त्यावर पोट भरते का?
— एक वडील, डिचोली

पोटाचे आधी सांगते, कारण पत्रात तुम्ही त्याच वाक्याखाली रेघ ओढली आहे. भरते, पण एका ताटात वाढून मिळत नाही. मी युरोपात होते तेव्हा निम्मी कमाई शिकवण्यांची होती. उरलेली, बाख या जुन्या जर्मन संगीतकाराच्या रचनांच्या कार्यक्रमांत हार्पसिकॉर्डवर, म्हणजे पियानोच्या आधीच्या कळांच्या वाद्यावर, गायकांना केलेली साथ आणि दुसऱ्यांची वाद्ये सुरात लावून देणे. माझ्या एकटीच्या नावाचे कार्यक्रम यादीत सगळ्यात खाली. ती साथही मजेची असते. पानावर फक्त खालच्या स्वरांची ओळ आणि तिच्याजवळ 6, 7 असे आकडे. त्यावरून वरचे स्वर तिथल्या तिथे आपण भरायचे, गायकाचा श्वास बघून. भजनाला बसणारा पेटीवाला हे लवकर शिकेल असे मला नेहमी वाटत आले आहे. (आणि कळांचे वाद्य गोव्याला परके नाही बरे का. अकबराने हाजी हबीबुल्लाला गोव्याला धाडले, तो परतला तेव्हा त्याच्या सामानात ऑर्गन होता.)

आता ‘हे काय असते’. हार्पसिकॉर्डमध्ये पिसाची काडी तार छेडते, सतारीच्या नखीसारखी. कळ जोरात दाबा की हळू, आवाज तेवढाच. 1700 च्या सुमारास फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने काडीच्या जागी हातोडी बसवली आणि बोटाच्या जोरावर आवाज लहानमोठा होऊ लागला. त्याच्या हातचे तीनच पियानो आज उरले आहेत : 1720 चा न्यूयॉर्कला, 1722 चा रोमला, 1726 चा लाइपझिगला. मोझार्टकडे व्हिएन्नाच्या आंटोन वाल्टरचा पियानो होता. लाकडी सांगाडा, हातोड्यांना चामडे, पाच सप्तके. आजच्या मोठ्या पियानोला 88 कळा असतात आणि वजन पाचशे किलोच्या घरात. वाल्टरचा पियानो त्यापुढे पोरसवदा.

मी अशा पियानोच्या प्रतिकृतीवर पहिल्यांदा बसले तेव्हा तासभर नुसती चुकत होते. कळ आजच्या पियानोच्या जवळजवळ निम्मीच खाली जाते, आणि माझे हात खांद्यापासून जोर लावायला शिकलेले. पाय सवयीने पेडल शोधत होता, ते तिथे नव्हतेच. कळफलकाखाली तरफ होती, ती गुडघ्याने उचलायची. चिडून मी ‘मूनलाइट’ सोनाटाचा पहिला भाग वाजवायला घेतला. 1802 मध्ये छापलेल्या त्या सोनाटात बीथोवनची सूचना आहे की हा सगळा भाग तारांवरचे डॅम्पर, म्हणजे आवाज दाबणाऱ्या गाद्या, उचलून वाजवावा. आजच्या पियानोवर तसे केले तर स्वरांचा चिखल होतो, म्हणून आम्ही सगळे ती सूचना गुपचूप गाळायचो. त्या दिवशी गुडघा वरच ठेवला, म्हणजे डॅम्पर उचललेलेच, आणि चिखल झाला नाही. आवाज लवकर विरत होता, मागचा स्वर पुढच्याला जागा करून देत होता. बीथोवनला ऐकू येत नव्हते म्हणून काहीतरी लिहून गेला, असे मला एका शिक्षकाने सांगितले होते. त्याचा राग मला त्या दिवशी आला, अजून आहे.

तुमच्या मुलीला असे काही झाले असेल तर तिला अडवू नका. पण व्हिडिओ पाहून नुसता मोह पडला असेल तर थांबा. आधी तिला सूर लावायची चावी घेऊन वाद्य लावायला शिकू दे. हार्पसिकॉर्डवाला स्वतःचे वाद्य स्वतः लावतो, कधी कार्यक्रमाच्या आधी आणि पुन्हा मध्यंतरात. एका सभागृहात माझे वाद्य नेमके एसीच्या झोताखाली ठेवले होते. मध्यंतरात लोक चहा पीत होते आणि मी साठएक तारा पुन्हा लावत होते. ज्या मुलीला याचा कंटाळा येईल तिने साधा पियानोच धरावा, त्यात कमीपणा नाही. बाकी, पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्य संगीताचा विभाग आहे, तिथे चौकशी करा. पुढे नेदरलँड्समधल्या हेगचे रॉयल कॉन्झर्व्हेटॉयर किंवा स्वित्झर्लंडमधल्या बाझलची स्कोला कान्टोरुम, जी 1933 पासून जुन्याच संगीताला वाहिलेली आहे. वॉर्सात 2018 पासून शोपँच्या काळातल्या पियानोंची वेगळी स्पर्धाही होते, त्या स्पर्धेची ध्वनिमुद्रणे मुलीबरोबर बसून तुम्हीही ऐका.

प्रश्न : मी पेटी वाजवतो. जुने युरोपी संगीत वाजवणारे हे लोक म्हणे पट्टीसुद्धा जुनी लावतात. का? सूर तो सूर.
— एक पेटीवाले, माशेल

बुवा, सूर तो सूर असता तर आकाशवाणीने 1940 ते 1971 पेटीला बाहेर ठेवले नसते! तुमच्या पेटीचा गांधार षड्जापासून 400 सेंटवर (सेंट म्हणजे सप्तकाच्या 1200 भागांतला एक), तंबोऱ्यातून ऐकू येणारा 386 वर. हा चौदा सेंटचा सल युरोपातही होता. सतराव्या शतकातले वादक बरेच गांधार अगदी शुद्ध लावत आणि त्याची किंमत एका पंचमात मोजत. तो पंचम इतका बेसूर व्हायचा की त्याला ‘लांडगा’ म्हणत. मग त्या पंचमाच्या वाटेला न जाणाऱ्या रचना करायच्या. तुम्हाला पेटीतल्या पितळी स्वरपट्ट्या रोज घासता येत नाहीत, त्यांना तारा रोज फिरवता येतात, एवढाच फरक.

पट्टीचे म्हणाल तर जुन्या संगीतासाठी आज पांढरी सहा बहुधा 440 ऐवजी 415 हर्ट्झला लावतात, म्हणजे तुमच्या काळी चारला. पहिले काही आठवडे माझे डोळे एक स्वर वाचत आणि कान दुसराच सांगत.

प्रश्न : मडगावच्या एका घरातला शंभर वर्षांचा उभा पियानो स्वस्तात मिळतोय. जुन्या वाद्यांच्या सरावाला चालेल का?
— एक वाचक, पेडणे

नाही. शंभर वर्षांपूर्वीचा उभा पियानो म्हणजे लोखंडी सांगाड्याचा, आजच्याच पियानोचा थोरला भाऊ. साध्या सरावाला घ्यायचा असेल तर पावसाळ्यात जाऊन बघा. आषाढात आमच्या फोंड्याला कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे लाकूड आणि फेल्ट काय टिकणार! कळा दाबल्या की वर येतात का बघा, खाली वाळवीचा भुसा आहे का बघा, आणि लावणाऱ्याला बरोबर नेऊन खुंट्या तपासा. सैल असतील तर फुकट दिला तरी आणू नका. टेम्पोचे भाडे आणि चार माणसांची मजुरी तुमच्याच अंगावर पडेल.