आमदार पक्ष बदलतात तेव्हा निवडणूक आयोग गप्प का बसतो?

तुम्ही विचारलंय की घटनेने निवडणूक आयोगाला एवढे अधिकार दिलेत, मग गोव्यात निवडून आलेले आमदार घाऊक पक्ष बदलतात तेव्हा आयोग काहीच का करत नाही, आणि आपण मतदारांनी आयोगाकडे तक्रार केली तर उपयोग होईल का.

आयोग काही करत नाही, कारण तो अधिकार त्याला दिलेलाच नाही. तो विधानसभेच्या सभापतींकडे आहे. निवडणूक सुधारणांची यादी लांबलचक आहे, पण गोव्यापुरतं मला विचाराल तर सगळ्यात निकडीची सुधारणा हीच: पक्षांतराचा निवाडा सभापतींच्या हातातून काढून आयोगाच्या मतावर सोपवा.

घटनेचं कलम ३२४ आयोगाकडे मतदार याद्या बनवण्यापासून निकाल लागेपर्यंतचं सगळं काम देतं. संसद, विधानसभा, राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती यांच्या निवडणुकांची देखरेख आणि नियंत्रण आयोगाचं. मोहिंदर सिंग गिल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये सांगितलं की जिथे कायदा काही बोलत नाही, तिथे निवडणूक नीट पार पाडण्यासाठी आयोग स्वतः पावलं उचलू शकतो. मात्र जिथे कायदा बोलतो, तिथे आयोगाला तो ओलांडता येत नाही. पक्षांतराबद्दल घटना स्पष्ट बोलते. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट आलं आणि त्याच्या सहाव्या परिच्छेदात निवाडा करणारा म्हणून सभापतींचं नाव घातलं गेलं. आयोगाचा हात तिथे थांबतो.

मी फोंडा तालुक्यात शिक्षिका आहे आणि मतदान केंद्रावर ड्युटी केलेली आहे. आयोगाकडे गावोगावी नेमायला स्वतःची माणसं नसतात, राज्य सरकारचे कर्मचारी त्याला द्यावे लागतात, आणि त्या काळापुरते आम्ही आयोगाच्या शिस्तीखाली असतो. पहाटे उमेदवारांच्या एजंटांसमोर यंत्रावर किमान ५० चाचणी मतं टाकायची, ती मोजून दाखवायची, पुसायची, मग सील लावायचं आणि सीलवर त्यांच्या सह्या घ्यायच्या. संध्याकाळी किती मतं पडली त्याच्या हिशोबाचा कागद प्रत्येक एजंटाच्या हातात द्यायचा. एका मताचा फरक आला तरी उठता येत नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत गोव्याच्या चाळीसही मतदारसंघांत व्हीव्हीपॅट, म्हणजे मताची छापील चिठ्ठी दाखवणारी यंत्रं, लावले गेले. संपूर्ण राज्यात ते वापरणारं गोवा पहिलं राज्य. आपण कोणाला मत दिलं ते काचेआड सात सेकंद दिसतं, आणि म्हातारी माणसं ती चिठ्ठी खाली पडेपर्यंत वाकून बघतात. आपल्याकडे मतदारसंघ म्हणजे साधारण २५ ते ३० हजार मतदार, तेव्हा एकेका मताला केवढी किंमत! २०२२ मध्ये फोंड्याचा निकाल ७७ मतांनी लागला आणि सांत आंद्रेचा ७६ मतांनी.

एवढी काळजी घेऊन मोजलेल्या मतांचं पुढे काय झालं ते बघा. १० जुलै २०१९ रोजी काँग्रेसच्या १५ आमदारांपैकी १० भाजपमध्ये गेले. पणजीच्या पोटनिवडणुकीत त्याच वर्षी मे महिन्यात काँग्रेसच्या चिन्हावर निवडून आलेले आमदारही त्यांत होते. म्हणजे मतदाराच्या बोटावरची शाई जेमतेम गेली असेल. पुढच्या निवडणुकीआधी, जानेवारी २०२२ मध्ये, काँग्रेसच्या उमेदवारांनी मंदिरात, क्रुसासमोर आणि दर्ग्यात जाऊन पक्ष सोडणार नाही अशा शपथा घेतल्या. निवडून आले ११. त्यांतले ८ जण १४ सप्टेंबर २०२२ रोजी भाजपमध्ये गेले.

आकडे नीट पाहा. पंधराचे दोन तृतीयांश दहा. अकराचे दोन तृतीयांश सात पूर्णांक काहीतरी, म्हणजे आठ. दोन्ही वेळा जेवढे लागतात तेवढेच, ना एक कमी ना एक जास्त. कारण दहाव्या परिशिष्टाच्या चौथ्या परिच्छेदात पळवाट आहे: दोन तृतीयांश आमदार मिळून गेले तर त्याला पक्षाचं विलीनीकरण धरायचं आणि कोणी अपात्र ठरत नाही. पूर्वी एक तृतीयांश फुटले तरी चालायचं. ती सोय २००३ च्या एक्क्याण्णवाव्या दुरुस्तीने काढली, दोन तृतीयांशाची ठेवली. एकटा गेला तर गुन्हेगार आणि टोळीने गेला तर निर्दोष, हे मला आजवर पटलेलं नाही.

२०१९ च्या त्या दहा जणांविरुद्धचा अपात्रतेचा अर्ज सभापतींनी फेटाळला २० एप्रिल २०२१ रोजी. २४ फेब्रुवारी २०२२ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तो निर्णय उचलून धरला, तेव्हा नव्या विधानसभेचं मतदान होऊनही गेलं होतं. निकाल योग्य की अयोग्य यावर वकील वाद घालतील. मला सलतो तो वेळ. सभापती सहसा सत्ताधारी पक्षाचे, त्या पक्षाच्या बहुमतावर त्यांचं आसन टिकलेलं, आणि त्यांनीच ठरवायचं की ते बहुमत वाढवणारे आमदार अपात्र आहेत की नाही. माणूस कितीही सरळ असला तरी त्याला या जागी बसवणंच चूक आहे.

यावर उपाय नव्याने शोधायचा नाही, तो घटनेतच आहे. एखादा आमदार लाभाच्या पदावर आहे म्हणून अपात्र ठरतो का, हा प्रश्न आला तर कलम १९२ प्रमाणे राज्यपालांना निवडणूक आयोगाचं मत घ्यावं लागतं आणि त्या मताप्रमाणेच निर्णय द्यावा लागतो. खासदारांसाठी कलम १०३ मध्ये राष्ट्रपतींबाबत अशीच तरतूद आहे. दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सुचवलं होतं की पक्षांतरासाठीही हीच पद्धत वापरा. १९९२ च्या किहोटो होलोहान खटल्यात पाचपैकी दोन न्यायमूर्तींनी सभापतींकडे हा अधिकार ठेवायला विरोध केला होता. तिघांनी तो राखला, फक्त न्यायालयात आव्हान देता येईल एवढी सोय केली. आणखी एक विसंगती बघा. पक्ष फुटला तर चिन्ह कोणाचं, हे १९६८ च्या चिन्हविषयक आदेशाखाली आयोगच ठरवतो. मग चिन्हावर निवडून आलेल्याने ते चिन्ह टाकून दिलं, तर ते ठरवायला आयोग का चालू नये?

यावर कोणीही लगेच विचारेल, आणि विचारावंच, की आयोगावर तरी आज सगळ्यांचा विश्वास कुठे आहे? म्हणून दुसरी सुधारणा पहिलीला जोडूनच यायला हवी. आयुक्त नेमतं कोण? मार्च २०२३ मध्ये अनुप बरनवाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संसद कायदा करेपर्यंत पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश यांच्या समितीच्या सल्ल्याने नेमणूक व्हावी. डिसेंबरमध्ये संसदेने कायदा केला आणि सरन्यायाधीशांच्या जागी पंतप्रधानांनी नेमलेला केंद्रीय मंत्री आणला. तिघांत दोघे सरकारचेच. शिवाय मुख्य आयुक्तांना काढायला सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशासारखी कठीण प्रक्रिया आहे, पण बाकीचे दोन आयुक्त मुख्य आयुक्तांच्या शिफारशीवर हटवता येतात. तिन्ही आयुक्तांच्या मताला वजन सारखंच, मग संरक्षण कमीजास्त का? समितीत सरकारबाहेरचं पारडं जड हवं आणि तिन्ही आयुक्तांना एकच संरक्षण हवं, असं माझं ठाम मत आहे.

नेमणुकीने किती फरक पडतो हे गोवेकरांना वेगळं सांगायला नको. पंचायत आणि पालिकांच्या निवडणुका दिल्लीचा आयोग घेत नाही, त्या राज्य निवडणूक आयोगाच्या. इथे राज्याच्या कायदा सचिवांकडेच आयुक्तपदाचा अतिरिक्त भार देण्यात आला होता. पालिका प्रभागांच्या आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा १२ मार्च २०२१ च्या निकालात न्यायमूर्ती नरिमन यांच्या खंडपीठाने याला घटनेची थट्टा म्हटलं आणि सरकारी नोकरीतल्या माणसाला कुठल्याही राज्यात हे पद देऊ नये असं बजावलं. गोव्याच्या पालिकांवरून निघालेला हा दंडक आज सगळ्या देशाला लागू आहे.

आता तुमच्या तक्रारीचं. आयोगाकडे पाठवलीत तर तो काही करू शकणार नाही, तो कागद वाया. अपात्रतेचा अर्ज सभापतींकडे करायचा असतो, आणि तो फक्त आमदारानेच किंवा पक्षानेच करावा असं नाही. ओडिशाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये मान्य केलंय की संबंध असलेली कोणतीही व्यक्ती असा अर्ज करू शकते. आमदार कधी, कुठल्या चिन्हावर निवडून आला आणि पक्ष कधी सोडला, याचे पुरावे अर्जासोबत जोडा. मणिपूरच्या प्रकरणात, जानेवारी २०२० मध्ये, न्यायालयाने म्हटलंय की खास कारण नसेल तर सभापतींनी तीन महिन्यांत निर्णय द्यावा. तेव्हा अर्ज दिल्याची पोच तारखेसह घ्या आणि तीन महिने उलटले की पर्वरीला उच्च न्यायालयात जा.