पहिले दोन दिवस लेहला देऊन टाक

प्रिय,

तुमच्या लेहच्या सहलीचा बेत वाचला. चार रात्री, पाच दिवस, आणि त्यात खारदुंग ला, नुब्रा, पँगाँग, थिकसे, हेमिस, संगम. शिवाय विमानातून उतरल्या उतरल्या दुपारी शांती स्तूप! लग्नानंतरची पहिलीच मोठी सहल, एकही जागा सुटू नये असं वाटणारच. पण तू विचारलंस म्हणून सांगते: यातलं निम्मं खोड. खोडायची सुरुवात पहिल्या दिवसापासूनच कर.

लेह साधारण 3,500 मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश. ऑक्सिजनचं प्रमाण आपल्याकडच्यासारखंच 21 टक्के, पण हवाच विरळ, त्यामुळे प्रत्येक श्वासात तो कमी येतो. श्रीनगरहून कारगिलमार्गे गाडीने गेलं की दोन दिवसांत शरीर थोडं सरावतं. तुम्ही विमानाने जाणार, म्हणजे काही तासांत थेट वर. आणि फसगत अशी की उतरल्यावर काहीच होत नाही. लख्ख ऊन, तपकिरी डोंगर, उत्साह अंगात मावत नाही. त्रास सुरू होतो सहा ते बारा तासांनी. डोकं ठणकतं, मळमळतं, जेवण नको वाटतं, झोप लागत नाही. दुपारी स्तूपाच्या पाचशेक पायऱ्या चढून आलेल्याला त्याचा हिशेब रात्री द्यावा लागतो.

विरळ हवा दोघांना सारखी बाधत नाही, हे मात्र नीट लक्षात ठेव. वय, व्यायाम, ताकद यांवरून काही सांगता येत नाही. आमचे हे रोज पहाटे टेकडी चढणारे आणि मी जिन्यालाही कुरकुरणारी. पहिल्या रात्री मी ठणठणीत. यांचं डोकं संध्याकाळपासून दुखत होतं, पण बोलले नाहीत. का, तर माझा विरस होईल! दुसऱ्या दिवशी लेह पॅलेसच्या चढावर मध्येच खाली बसले तेव्हा मला कळलं. पुढचा दीड दिवस ते अंथरुणात आणि मी खिडकीत. दुखण्यापेक्षा लपवल्याचाच मला जास्त राग आला होता, आणि तो मी काढलाही. तुम्ही विमानात बसायच्या आधीच ठरवून टाका: सकाळ-संध्याकाळ एकमेकांना विचारायचं, डोकं कसंय, खावंसं वाटतंय का. उत्तर खरं द्यायचं. ज्याला त्रास होतोय त्याने वाईट वाटून घ्यायचं नाही, आणि ज्याला होत नाही त्याने 'एवढ्याने काय होतंय' म्हणायचं नाही. डोकं दुखत असेल तोवर आणखी वर जायचं नाही, दोघांनीही. गाडीचे पैसे भरलेले असले तरी.

आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं अशी एक गोष्ट. रात्री मला जाग आली तर शेजारी यांचा श्वास जोरात, मग मंद, मग बंदच. अंधारात मी आकडे मोजू लागले. दहाला पोचले आणि यांनी एकदम मोठा श्वास ओढला. पुन्हा तेच. मी पहाटेपर्यंत मोजत बसले होते. उंचीवर झोपेत श्वासाची लय अशी तुटते. पुष्कळांना होतं, आणि एवढंच असेल तर घाबरण्यासारखं नाही. पण बसल्या जागी धाप लागणं, खोकला, निळसर ओठ, चालताना तोल जाणं, असंबद्ध बोलणं हे प्रकरण वेगळं. फुप्फुसांत पाणी साचत असतं किंवा मेंदूला सूज येत असते. तेव्हा सकाळची वाट बघू नका, तडक दवाखाना गाठा. ऑक्सिजन मिळतो, पण खरा उपाय कमी उंचीवर नेणं हाच. रक्तातला ऑक्सिजन मोजायला बोटाला लावतात ते यंत्र नेणार असाल तर न्या, मात्र पहिल्या दिवशी आकडा नव्वदच्या खाली दिसला म्हणून हबकू नका. यंत्राआधी माणसाकडे बघा.

उंचीच्या त्रासावरच्या गोळीचं म्हणशील तर ती डायमॉक्स डॉक्टरांना विचारूनच घ्या, आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगा. साधारणपणे एक दिवस आधी सुरू करतात. बोटांना मुंग्या येतात, सारखं लघवीला जावं लागतं. दारू आणि झोपेची गोळी पहिल्या दोन रात्री अजिबात नको.

आता बेत. पहिला दिवस खोलीत लोळा, संध्याकाळी फार तर अंगणात. दुसऱ्या दिवशी बाजारात सावकाश फिरा. फुटपाथवर भाजी मांडून बसलेल्या लडाखी बायकांना 'जुले' म्हणा, तिथला नमस्कार तो. शांती स्तूपाला गाडी वरपर्यंत जाते, पायऱ्यांचा हट्ट नको. सेंगे नामग्यालने सतराव्या शतकात बांधलेला नऊ मजली राजवाडा तब्येत बघून. तिसऱ्या दिवशी शेचा राजवाडा आणि थिकसेचा मठ. थिकसेची मैत्रेयाची मूर्ती पंधरा मीटर उंच, दोन मजले व्यापणारी. तिच्या चेहऱ्यासमोर पोचलात की घड्याळ बघू नका. चौथ्या दिवशी सिंधूच्या काठाने खाली, सिंधू-झंस्कारचा संगम आणि पुढे अल्चीचा जुना मठ. अल्ची लेहपेक्षा कमी उंचीवर आहे आणि तिथली भित्तिचित्रं आठ-नऊशे वर्षांची आहेत. लोक ते सोडून मॅग्नेटिक हिलवर गाडी आपोआप चढ चढल्याचा भास बघायला ती न्यूट्रलमध्ये टाकून बसतात. बसोत बापडे.

पँगाँग खोड. वाटेतली चांग ला खिंड 5,300 मीटरच्या वर, तळं 4,200 च्या वर, आणि तिसऱ्या रात्री तिथे तंबूत झोपायचं? हे मला पटत नाही. नुब्रा त्यातल्या त्यात बरं. तिथलं हुंदर गाव लेहपेक्षा खालीच आहे, पण मधे खारदुंग ला ओलांडावा लागतो. तिथल्या पाटीवर बरीच वर्षं 18,380 फूट लिहिलेलं होतं; मोजमाप केलं तर भरतात 17,582. आठशे फूट कमी असली तरी ती खिंड पंधरा-वीस मिनिटांच्या वर थांबण्याची जागा नव्हे. मोह आवरत नसेल तर सुट्टी दोन दिवस वाढवा.

सिमकार्ड पोस्टपेड आहे ना ते बघ. आपल्याकडचं प्रीपेड लडाखात चालत नाही. परतीच्या दुसऱ्याच दिवशी ऑफिसला हजर व्हायचं कबूल करू नकोस, हवा बिघडली तर विमान रद्द होतं.

नवा बेत लिहून पाठव. आणि तो दोघांनी मिळून लिही. या वेळच्या कागदावर मला तुझ्या एकटीचंच अक्षर दिसलं.

तुझी,
काकू