सामायिक सर्व्हरवरचे जुने प्रकल्प कसे पुसावेत?

प्रश्न : इंदूरमधील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी संगणकशास्त्र शिकवते. आमच्या विभागात लिनक्सचा एक सामायिक सर्व्हर असून गेल्या ७ वर्षांतील विद्यार्थ्यांचे प्रकल्प त्यावर साठले आहेत. डिस्क ९६ टक्के भरल्याने जुने प्रकल्प काढून टाकण्याचे काम माझ्याकडे आले आहे. सगळे टर्मिनलमधूनच करावे लागते. हे काम कोणत्या कमांडने सुरक्षितपणे होईल, आणि चुकून दुसऱ्याचे काही पुसले गेले तर ते परत आणता येईल का?
— एक प्राध्यापिका, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : आपला शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीची पद्धत त्याच्या उत्तरावरूनच ठरते. टर्मिनलमध्ये कचरापेटी नसते. ‘आरएम’ ही कमांड फोल्डरमधून फाइलचे नाव काढते. त्या फाइलला दुसरे नाव उरले नसेल आणि कोणताही प्रोग्राम ती उघडून बसलेला नसेल, तर तिची जागा मोकळी समजली जाते, आणि अनेक जण सतत लिहीत असलेल्या सर्व्हरवर त्या जागेत दुसऱ्याचा मजकूर केव्हा येऊन बसेल याचा नेम नसतो. तेव्हा पुसलेले परत मिळवण्याचा भरवशाचा मार्ग एकच, आणि तो म्हणजे आधी घेतलेला बॅकअप.

दुसऱ्याची फाइल असेल तर सिस्टीम आपल्याला अडवेल, हा समज मी चांगल्या जाणकारांकडूनही ऐकला आहे. लिनक्समध्ये पुसण्याचा अधिकार फाइलच्या परवानग्यांवरून ठरत नाही. ती ज्या फोल्डरमध्ये आहे, त्या फोल्डरच्या परवानग्यांवरून तो ठरतो. विभागाच्या सामायिक फोल्डरमध्ये गटातल्या सर्वांना लिहिण्याची मुभा असेल, तर कोणताही विद्यार्थी दुसऱ्याची केवळ वाचण्यापुरती ठेवलेली फाइलसुद्धा काढू शकतो. त्यावर उपाय म्हणून फोल्डरला ‘स्टिकी बिट’ लावतात, म्हणजे फाइलचा मालक, फोल्डरचा मालक आणि रूट (सर्व अधिकार असलेले प्रशासकाचे खाते) यांच्याखेरीज कोणाला ती हलवता किंवा पुसता येत नाही. आपण मात्र हे काम बहुधा ‘सुडो’ने, म्हणजे रूटच्या अधिकाराने कराल, आणि रूटला कोणीच अडवत नाही.

म्हणून पहिले काम शोधाचे. ‘डीयू’ने प्रत्येक प्रकल्पाची जागा मोजून उतरत्या क्रमाने यादी करा, ती पाहिल्यावर मोजक्याच प्रकल्पांनी निम्मीअधिक जागा व्यापल्याचे बहुतेक वेळा दिसते. त्यानंतर ‘एलएस’च्या लांब यादीत मालकाचा रकाना पाहा. काही ठिकाणी नावाऐवजी नुसता आकडा, समजा १०४७, दिसेल. ते खाते काढून टाकलेले असते आणि फाइलवर फक्त त्याचा क्रमांक उरलेला असतो. ‘फाइंड’ कमांडला ‘नोयूजर’ हा पर्याय दिला की अशा सगळ्या फाइली एकदम सापडतात. येथे एक सावधगिरी हवी. तोच क्रमांक पुढे नव्या विद्यार्थ्याच्या खात्याला मिळाला असेल, तर यादीत त्याचे नाव दिसते आणि जुना प्रकल्प त्याचाच वाटतो. नावाबरोबर तारीख जुळते का, हे पाहिल्याशिवाय मालक ठरवू नका.

मालकापेक्षाही महत्त्वाचे आहे ते, त्या प्रकल्पावर दुसरे कोण विसंबून आहे हे. मी एका कार्यालयात असताना पाच वर्षे कोणी न शिवलेली एक गिट रिपॉझिटरी, म्हणजे प्रकल्प आणि त्यातील बदलांचा इतिहास गिट या साधनाने जपणारे फोल्डर, मालकाला विचारून पुसली. दुसऱ्या दिवशी सकाळी चालू कामाच्या दोन रिपॉझिटऱ्या उघडेनात. एका सहकाऱ्याने त्या दोन्ही जुन्या रिपॉझिटरीवरून ‘शेअर्ड’ पर्यायाने क्लोन केल्या होत्या, म्हणजे तिच्या प्रती काढल्या होत्या. असा क्लोन जुना इतिहास स्वतःकडे उतरवून घेत नाही. ‘ऑब्जेक्ट्स’ फोल्डरातील ‘इन्फो’मध्ये ‘अल्टरनेट्स’ नावाची छोटी फाइल असते आणि तिच्यात मूळ रिपॉझिटरीचा पत्ता लिहिलेला असतो. ती फाइल मी उघडली, तेव्हा तिच्यात एकच ओळ होती, आणि त्या ओळीतला पत्ता मी आदल्या संध्याकाळी पुसला होता. बॅकअप होता म्हणून निभावले. आपल्याकडे विद्यार्थी एकमेकांच्या प्रकल्पांवरून काम सुरू करत असणारच, तेव्हा पूर्ण सर्व्हरवर ‘अल्टरनेट्स’ नावाच्या फाइली शोधून घ्या. अशी रिपॉझिटरी सापडली, तर तिच्यात ‘गिट रीपॅक’ ही कमांड छोटा ए आणि छोटा डी या पर्यायांसह चालवा, म्हणजे उसना इतिहास तिच्यात उतरतो. त्यानंतर ती ‘अल्टरनेट्स’ फाइल काढता येते. क्रॉनमधली (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कमांडची) वेळापत्रके, वेब सर्व्हरची मांडणी आणि सिमलिंक (दुसऱ्या पत्त्याकडे बोट दाखवणाऱ्या फाइली) यांतही प्रकल्पाचा पत्ता शोधावा. प्रकल्पाचा डेटाबेस बहुधा वेगळ्या जागी असतो, त्यामुळे फोल्डर गेले तरी तो मागे राहतो आणि त्याचा डम्प, म्हणजे पूर्ण मजकुराची प्रत, स्वतंत्रपणे घ्यावा लागतो.

बॅकअप घेताना रिपॉझिटरीचा नुसता क्लोन पुरेसा समजू नका. कमिट न केलेले (इतिहासात न नोंदवलेले) बदल आणि स्टॅशमध्ये (तात्पुरते बाजूला) ठेवलेले काम क्लोनमध्ये येत नाही, आणि विद्यार्थ्यांचे शेवटच्या आठवड्यातले काम नेमके तसेच पडून राहिलेले असते. पूर्ण फोल्डरचा ‘टार’, म्हणजे एकच संग्रह-फाइल, करा, त्यातील यादी उघडून पाहा, चेकसम (प्रत बिघडली नाही ना हे पडताळण्याचा आकडा) काढा आणि प्रत दुसऱ्या यंत्रावर ठेवा; त्याच डिस्कवर ठेवलेली प्रत जागाही वाचवत नाही आणि डिस्क बिघडल्यास उपयोगीही पडत नाही.

यानंतरही लगेच पुसू नका, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. त्याच फाइलसिस्टीमवर, म्हणजे डिस्कच्या त्याच भागावर, एक फोल्डर करा, त्याच्या परवानग्या रूटपुरत्या ठेवा आणि ‘एमव्ही’ने प्रकल्प तेथे हलवा. एकाच फाइलसिस्टीममध्ये हलवताना फक्त पत्ता बदलतो, त्यामुळे कितीही मोठा प्रकल्प क्षणात हलतो आणि तितक्याच सहज परत येतो. जो कोणी त्या प्रकल्पावर विसंबून असेल, त्याचे काम थांबेल आणि तो आपल्याकडे येईल. ही चाचणी उलटवता येण्यासारखी आहे, पुसणे तसे नाही. सत्राच्या तोंडी परीक्षा संपेपर्यंत वाट पाहणे उत्तम. हलवल्याने जागा मोकळी होत नाही हे खरे. तातडीची जागा हवी असेल तर नोड मॉड्यूल्स, पायथनची व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट आणि कम्पाइल करून झालेल्या फाइली, असे पुन्हा तयार करता येणारे सामान मालकांना कळवून आधी काढावे.

प्रत्यक्ष पुसण्याच्या दिवशी ‘होस्टनेम’ चालवून आपण कोणत्या यंत्रावर आहोत हे पाहा. गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी रात्री एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरच डेटाबेसचे फोल्डर पुसले. चूक लक्षात येऊन कमांड थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरले होते, नेहमीचे बॅकअप निकामी निघाले, आणि सहा तासांपूर्वीच्या एका स्नॅपशॉटवरून (त्या क्षणी घेतलेल्या प्रतीवरून) सर्व्हर उभा करावा लागला. टर्मिनलच्या दोन खिडक्या सारख्याच दिसतात, एवढे ध्यानात ठेवावे.

पत्ता पूर्ण लिहा आणि तारांकन (*, म्हणजे ‘कोणतेही नाव’) शक्यतो टाळा. तारांकनाचा विस्तार ‘आरएम’ करत नाही, शेल (टर्मिनलमधल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) करते, म्हणून तेच शब्द आधी ‘इको’ला (शब्द नुसते छापणाऱ्या कमांडला) देऊन काय काय निवडले जाते ते वाचता येते. ‘आरएम’ला मोठा आय हा पर्याय दिला, तर फोल्डर पुसण्यापूर्वी ते एकदा विचारते, आणि ‘वन फाइल सिस्टीम’ हा पर्याय दिला, तर आत माउंट केलेल्या (जोडलेल्या) दुसऱ्या डिस्कमध्ये ते शिरत नाही. स्क्रिप्ट, म्हणजे कमांडची एकत्र फाइल, लिहिणार असाल, तर व्हेरिएबल (ज्यात फोल्डरचे नाव साठवले जाते ती जागा) रिकामे असल्यास ती थांबेल अशी व्यवस्था करा. जानेवारी २०१५ मध्ये उघड झालेल्या लिनक्सवरील स्टीम या खेळांच्या प्रोग्रामच्या स्क्रिप्टमधील दोषात फोल्डरचे नाव रिकामे राहिले, पत्त्यात फक्त तिरकी रेघ आणि तारांकन, म्हणजे पूर्ण सिस्टीममधले सगळे फोल्डर, उरले, आणि वापरणाऱ्याच्या सगळ्या फाइली गेल्या.

प्रश्न : मी आमच्या गटाच्या सर्व्हरवरून एक मोठा प्रकल्प पुसला, पण ‘डीएफ’मध्ये मोकळी जागा वाढलेली दिसत नाही, आणि ‘डीयू’ मात्र कमी जागा दाखवतो. चूक कोणाची?
— एक विद्यार्थी, इंदूर

उत्तर : दोघेही खरे सांगत आहेत. ‘डीयू’ नावे मोजतो आणि ‘डीएफ’ डिस्कवरचे ब्लॉक मोजतो. आपण पुसलेल्या प्रकल्पाचा एखादा प्रोग्राम अजून चालू असेल आणि त्याने लॉगची मोठी फाइल उघडी ठेवली असेल, तर नाव गेले तरी जागा सुटत नाही. ‘एलएसओएफ’ला ‘+एल१’ (मोठा एल) हा पर्याय द्या, म्हणजे नाव नसलेल्या पण उघड्या फाइली आणि त्या धरून बसलेल्या प्रोग्रामचे क्रमांक दिसतील. तो प्रोग्राम आपला असेल तर बंद करा. दुसऱ्याचा असेल तर त्याला कळवून त्याच्याकडून तो पुन्हा सुरू करवून घ्या, आणि मग ‘डीएफ’ पाहा.