थर्माकोलचं बदक आणि ‘शस्त्रा’ची व्याख्या

निफाड तालुक्यातून एका सव्वीस वर्षांच्या वाचकाचं पत्र आलं आहे. त्यांनी आयटीआय केलंय आणि मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान चालवतात. अमेरिकेतले शिकारी तळ्यात खोटी बदकं सोडतात आणि ती पाहून खरी बदकं खाली उतरतात, असे व्हिडिओ त्यांनी पाहिले आणि तसं एक बदक घरीच करून पाहिलं. थर्माकोल तासून त्यावर फायबरचा लेप दिला, खेळण्यातल्या बोटीची मोटर बसवली, जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले सेल काढून घातले आणि मान हलावी म्हणून एक लहानसा सर्व्हो, म्हणजे ठरावीक कोनात फिरणारी छोटी मोटर, लावला. रंग दिले हळदी-कुंकू बदकाचे. चोचीच्या मुळाशी जे दोन लाल ठिपके असतात, ते बायकोच्या नेलपॉलिशने दिले, असंही त्यांनी लिहिलंय.

जानेवारीतल्या एका पहाटे त्यांनी हे बदक नांदूरमध्यमेश्वरच्या जलाशयात सोडलं. दहा मिनिटांत चार खरी बदकं त्याच्या शेजारी येऊन उतरली. पाठोपाठ वनरक्षकही आले. पंचनामा झाला, बदक आणि रिमोट जप्त झालं. आता सोमवारी कार्यालयात जबाबाला बोलावलंय. ते विचारतात, ‘ताई, माझ्याकडे बंदूक नाही, जाळं नाही, एका पिसालाही धक्का लागलेला नाही. मग खेळण्यावर गुन्हा कसा होतो?’ पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहावं तसं, आणखी एक आहे. नाशिकच्या दोघांनी अशी तीन बदकं मागितली आहेत, ‘थंडीत दोन-चार मारायला’. चार हजार रुपये आगाऊ फोनवरून आलेत. ‘हे चॅट डिलीट करू का?’

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण सोमवारच्या आत तुमच्या हातून चूक होऊ शकते ती इथेच. चॅट डिलीट करू नका. पुरावा नाहीसा करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो. शिवाय तुमच्या फोनमधून गेलेला मजकूर समोरच्या दोघांच्या फोनमध्ये राहतोच. आज जो मजकूर अडचणीचा वाटतो, तो पुसलात तर उद्या तुमचा हेतू वाईट होता हे दाखवायला तेवढंच पुरेल.

आता मूळ प्रश्न. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये कलम २(३५) खाली ‘शस्त्रा’ची व्याख्या आहे. तीत बंदुका, धनुष्यबाण, जाळी, फासे, विष हे सगळं येतं आणि पुढे, प्राण्याला बेशुद्ध करू शकणारं, भुलवू शकणारं, इजा करू शकणारं किंवा मारू शकणारं कोणतंही साधन येतं. ‘भुलवू शकणारं’ हा शब्द तुमच्यासाठी महत्त्वाचा. तुमच्या बदकाने चार खरी बदकं भुलवून जवळ आणली, हे तुम्हीच पत्रात अभिमानाने लिहिलंय. म्हणजे बंदूक नसली तरी कायद्याच्या भाषेत तुमच्या हातात शस्त्र होतं, असं वनखातं म्हणू शकतं, आणि ते म्हणणं बिनबुडाचं नाही. ही व्याख्या उगाच एवढी रुंद केलेली नाही. डोक्यावर मडकं उपडं घालून पाण्यातून बदकांच्या थव्यात शिरायचं आणि खालून पाय धरून ओढायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. पाणपक्षी फसतो तो नजरेनेच.

अभयारण्यात वनखात्याच्या वरिष्ठांच्या लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन जायला कलम ३१ खाली मनाई आहे. नांदूरमध्यमेश्वर हे १९८६ पासून अभयारण्य आहे आणि महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत २०२० साली आलेलं राज्यातलं पहिलं पाणथळ. त्यामुळे ‘गावचं पाणी आहे, आम्ही लहानपणापासून जातो’ हे कारण तिथे चालणार नाही.

तरीही तुमच्यावर नेमकं कोणतं कलम लागतं, यावर सगळं अवलंबून आहे. फक्त कलम ३१ लागलं तर शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. इथे किमान शिक्षा नाही, त्यामुळे कलम ५४ खाली तडजोड शुल्क भरून प्रकरण मिटवण्याचा मार्ग खुला राहतो. पण त्याच कागदावर ‘अभयारण्यात शिकार’ असं लिहिलं गेलं, तर किमान तीन वर्षं आणि कमाल सात वर्षं कैद, वर किमान पंचवीस हजार दंड, आणि तडजोड नाही. शिकारीच्या व्याख्येत मारणं, पकडणं, फासे लावणं, हाकणं, आमिष दाखवणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं येतं. तुमचे वकील इथे भांडू शकतात आणि त्यांनी भांडलंच पाहिजे, कारण तुम्ही दाणा टाकला नव्हता, पकडायचं किंवा मारायचं कोणतंही साधन जवळ नव्हतं, बरोबर दुसरं कोणी नव्हतं. बदक फिरतं की नाही ते पाहणं आणि पक्षी पकडायचा प्रयत्न करणं यात फरक आहे. पीओआरची, म्हणजे वनखात्याच्या प्राथमिक गुन्हा अहवालाची, आणि पंचनाम्याची प्रत मागा आणि त्यात कोणती कलमं लिहिली आहेत ते सगळ्यात आधी वाचा.

जागेचंही बघा. जलाशयाचा फुगवटा मोठा आहे आणि पाण्याची कड ही अभयारण्याची हद्द असेलच असं नाही. तुम्ही उभे होतात त्या जागेचा गट नंबर काढा आणि अधिसूचनेतल्या हद्दीशी ताडून पाहा. हद्दीबाहेर असाल तर कलम ३१ गळून पडतं. तिकीट काढून गेटने आत गेला होतात की शेताच्या बांधावरून उतरलात, हे पत्रात नाही. वकिलांना ते खरं सांगा.

जबाबाबद्दल लोकांचा एक मोठा गैरसमज असतो. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि तोच नियम वनअधिकाऱ्यांना लागू आहे असं धरून लोक वाट्टेल ते सांगून मोकळे होतात. वनअधिकारी म्हणजे पोलीस नव्हेत. सहायक वनसंरक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने कलम ५०(८) खाली आरोपीसमक्ष नोंदवलेला पुरावा पुढे खटल्यात वापरता येतो. स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती तुमच्यावर कोणी करू शकत नाही, तो अधिकार घटनेने दिलाय. म्हणून वकिलांना सोबत न्या, जे सांगाल ते खरंच सांगा, आणि शेवटची ओळ वाचल्याशिवाय सही करू नका. कोऱ्या कागदावर तर नाहीच नाही.

आता नाशिकच्या दोघांकडे येते. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती याची. कलम ५२ प्रमाणे गुन्ह्याला मदत करणारा गुन्हा करणाऱ्याच्याच रांगेत बसतो. कशासाठी हवंय ते त्यांनी लिहून सांगितलं, तुम्ही ‘ठीक आहे’ म्हणालात आणि पैसे घेतलेत. नग अजून दिलेला नाही, एवढीच तुमच्या बाजूची गोष्ट आहे आणि ती मोठी आहे. आजच वकिलांशी बोलून पैसे आले त्याच मार्गाने परत करा आणि सोबत एक साधं वाक्य लिहा, ‘शिकारीसाठी मी हे बनवून देणार नाही.’ त्यांच्याकडे परवान्याची बंदूक असेलही. पण पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे बदकं मारायचा परवाना नव्हे. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने देणारी कलमंच कायद्यातून काढून टाकली. या देशात हौसेखातर बदक मारायची कायदेशीर वाट आता उरलेलीच नाही, अभयारण्यात नाही आणि शेततळ्यावरही नाही.

मी तुमच्या जागी असते तर त्या दोघांबद्दल वकिलांमार्फत वनखात्याला सांगितलं असतं. ती सक्ती नाही, निर्णय तुमचा. पण तलवार बदकं, थापटे, भुवई बदकं हजारो किलोमीटर उडून गोदावरी-कादवाच्या संगमावर येतात, विसाव्याला. तिथे कोणीतरी बंदूक घेऊन बसणार हे माहीत असताना गप्प राहणं मला जमलं नसतं.

अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोजवळ राहणाऱ्या तुमच्या मावसभावाला एक बदक हवंय, तो प्रश्न वेगळा आहे. तिथे हंगामात, परवाना आणि सरकारी ‘डक स्टॅम्प’ (शिकाऱ्याने विकत घ्यायचं तिकीट) घेऊन बदकांची शिकार कायदेशीर आहे. खोटी बदकं चालतात. जिवंत बदक बांधून थवा बोलावायला मात्र तिथल्या केंद्रीय नियमांनी १९३५ पासून बंदी आहे आणि रेकॉर्ड केलेले आवाज लावायलाही बंदी आहे, म्हणून बदकात आवाजाचा स्पीकर बसवायचा तुमचा विचार सोडून द्या. कॅलिफोर्नियात यंत्रावर फिरणाऱ्या पंखांची बदकं हंगामाच्या सुरुवातीपासून ३० नोव्हेंबरपर्यंत वापरता येत नाहीत. तुमचं बदक पोहतं आणि मान हलवतं, पंख फिरवत नाही. तरी भावाने तिथल्या राज्याच्या वन्यजीव विभागाकडून लेखी उत्तर घ्यावं. तिथे कायदेशीर असलेल्या वापरासाठी एखादा नग पाठवला म्हणून आपला वन्यजीव कायदा आड येतो असं मला वाटत नाही, पण हे प्रकरण मिटेपर्यंत तोही पाठवू नका. पुढे कधी पाठवलात तर सेल काढून पाठवा, लिथियमच्या बॅटऱ्यांना हवाई कुरियरचे नियम कडक आहेत. रिमोटबद्दल थोडक्यात सांगायचं तर २.४ गिगाहर्ट्झवर, ठरलेल्या शक्तीच्या आत, घरगुती वापराला परवाना लागत नाही. विक्रीला काढायचं असेल तर उपकरणाची मंजुरी लागते.

जप्त झालेलं बदक परत मिळेल का, असं विचारलंय. जप्तीचा माल न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जायला हवा. खटला चालू असताना ताबा मागायचा अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ खाली करता येतो. आणि तडजोड शुल्क भरलं म्हणून जप्त वस्तू आपोआप सरकारजमा होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या एका निकालात स्पष्ट केलंय. गुन्हा सिद्ध झाल्याशिवाय तशी जप्ती कायम करता येत नाही. हा निकाल वकिलांना काढायला सांगा, कारण तडजोडीच्या वेळी ‘वस्तूवरचा हक्क सोडून देतो’ असं लिहून घेण्याची प्रथा असते आणि माणूस घाबरून सही करतो.

तुमचं कसब मात्र वाया जाऊ नये असं मनापासून वाटतं. अमेरिकेतल्या मेन राज्यात एका बेटावरून नाहीसे झालेले पफिन नावाचे समुद्रपक्षी परत यावेत म्हणून १९७०च्या दशकात संशोधकांनी लाकडी पफिन रंगवून खडकांवर उभे केले होते, आणि काही वर्षांत पक्षी परत वसले. म्हणजे हेच खोटं बदक पक्ष्याच्या भल्यासाठीही पाण्यात उतरू शकतं. आपल्याकडे संशोधनासाठी कलम १२ आणि २८ खाली परवानगी मागता येते. मात्र अर्ज एखाद्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागासोबत करा, एकट्याच्या नावाने नको, आणि आता तर नकोच.

सोमवारी सुट्या भागांची बिलं, काम चालू असतानाचे फोटो आणि त्या जागेचा नकाशा घेऊन जा. तोवर वकील मिळाला नाही तर घाईने जबाब देऊ नका. पुढची तारीख मागणारा लेखी अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या.