डाव्या हाताच्या धमनीत ८० टक्के अडथळा, त्रास मात्र काहीच नाही. वडिलांना स्टेंट घालावा का, आणि नंतर आराम किती दिवस?

हात दुखत नाही, चक्कर येत नाही, तर घालू नका. हाताला रक्त नेणाऱ्या या सबक्लेवियन धमनीत उपचार त्रासावर ठरतो, टक्क्यांवर नाही. खांद्याभोवती लहान धमन्यांचं जाळं इतकं दाट असतं की मुख्य वाट पूर्ण बंद असूनही कित्येकांचा हात बिनतक्रार चालतो. रिपोर्टमधला आकडा पाहून फुगा फुगवायला धावणाऱ्यांशी माझा वाद जुना आहे आणि मी तो सोडणार नाही.

आधी दोन्ही हातांचं बीपी घ्या. उजवीकडे १६० आणि डावीकडे १२० आलं, तर वडिलांचं बीपी १६०च आहे. डाव्या हातावर मोजून 'छान आहे' म्हणत गोळी कमी करणं हा अडथळ्याहून मोठा धोका. यापुढे कायम जास्त आकडा येणाऱ्या हातावरच मोजायचं. तंबाखू बंद, स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) आणि रक्त पातळ करणारी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू. कारण जी चरबी इथे साचली, ती हृदयाच्या आणि मानेच्या धमन्यांतही असू शकते.

स्टेंट लागतो तो हात वर करून काम करताना भरून येत असेल तेव्हा. किंवा हात वापरला की चक्कर येत असेल तेव्हा: मेंदूकडे जाणाऱ्या व्हर्टेब्रल धमनीतलं रक्त उलटं फिरून हाताकडे ओढलं जातं.

काम जांघेतून किंवा मनगटातून होतं. वाट पूर्ण बंद असेल तर बरेचदा दोन्हीकडून, कारण महाधमनीच्या बाजूला बुडखा उरलेला नसेल तर कॅथेटरला (आत सरकवलेल्या बारीक नळीला) टेकू मिळत नाही, तार पुढे रेटली की तोच मागे सरकतो. रक्त गोठू नये म्हणून हेपारिन, वजनाच्या दर किलोला ७० ते १०० युनिट; शीथ, म्हणजे धमनीत शिरायची नळी, ६ किंवा ७ फ्रेंच (जाडीचं माप). आधी लहान फुगा, मग महाधमनीतून ही धमनी फुटते त्या उगमापाशी फुग्यावर बसवलेला स्टेंट, बहुधा ७-८ मिमी. त्याचं तोंड महाधमनीत १-२ मिमी बाहेर ठेवावं लागतं. आत राहिलं तर उगम पुन्हा आवळतो, फार बाहेर आलं तर पुढच्या वेळी कॅथेटर आत शिरत नाही. दुसऱ्या टोकाला व्हर्टेब्रलचं तोंड झाकायचं नसतं, म्हणून लांबी आधीच मोजायची. फक्त जागा बधिर करून हे करतात त्यालाही अर्थ आहे: फुगा फुगताना रुग्ण 'छातीत दुखतंय' म्हणाला की तिथेच थांबायचं. भिंत ताणाच्या टोकाला आली आहे आणि ती फाटली तर रक्त छातीत जातं.

उलट्या प्रवाहाचा इथे एक फायदाही होतो. वाट मोकळी झाल्यावर व्हर्टेब्रलमधलं रक्त लगेच सुलट होत नाही, काही सेकंद ते काही मिनिटं जातात. तेवढ्यात सुटलेला कचरा मेंदूऐवजी हाताकडे जातो. तरीही पक्षाघाताचा धोका शून्य होत नाही.

गळपट्टीचं हाड आणि पहिली बरगडी यांच्यामधल्या भागात, आधी शस्त्रक्रियेने हाडांमधली जागा मोकळी न करता, स्टेंट घालणं चूकच. दोन हाडं त्याला कात्रीसारखी दाबतात आणि तो मोडतो. ताकायासू आजारात (यात मोठ्या धमन्यांच्या भिंती सुजतात) सूज सक्रिय असतानाही थांबावं. आधी औषधाने ती विझवायची.

वर 'घालू नका' म्हटलं, त्याला अपवाद आहेत. वडिलांची बायपास डावी छातीतली धमनी वापरून झाली असेल, किंवा ती लवकरच होणार असेल, तर हाताला त्रास नसतानाही हा अडथळा काढावा लागू शकतो. त्या धमनीला रक्त इथूनच मिळतं. त्याच हातात डायलिसिसचा फिस्टुला (धमनी-शिरेची केलेली जोडणी) असेल तरीही पुन्हा विचार करावा.

आराम फारसा नाही: जांघेतून केलं तर काही तास पाय सरळ, बहुधा एक रात्र मुक्काम, आठवडाभर जड उचलणं नको. रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या साधारण १ ते ३ महिने, नंतर एक कायम. पुढच्या प्रत्येक तपासणीत दोन्ही हातांचं बीपी मागून घ्या; मिटलेला फरक पुन्हा १५च्या वर गेला तर स्टेंट आवळतोय असं समजून डॉपलर (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) करा.