‘हरताळ फासणे’ यातला हरताळ कोणता?

प्रश्न असा आहे: ‘तत्त्वांना हरताळ फासला’ असे आपण म्हणतो, त्यातला हरताळ म्हणजे संप किंवा बंदच का? आणि तसे असेल तर तो फासायचा कसा?

शंका रास्त आहे. उत्तर क्रियापदातच सापडते. फासायला लेप लागतो. शेंदूर फासतात, काळे फासतात. बंदचा हरताळ मात्र पाळतात. तो ‘हट्ट’ म्हणजे बाजार आणि ‘ताल’ म्हणजे कुलूप यांपासून झालेला, गुजरातीतल्या ‘हडताळ’चा सख्खा भाऊ. फासायचा हरताळ संस्कृत ‘हरिताल’वरून आला. ते पिवळेधमक खनिज आहे, आर्सेनिक आणि गंधक यांचे संयुग. त्यात वजनाने सुमारे ६१ टक्के आर्सेनिकच असते.

आता हे खनिज पोथीत कसे शिरले ते पाहा, कारण वाक्प्रचाराचा सगळा जोर तिथे आहे. हरताळ इतका मऊ की नखानेही ओरखडा उठतो. त्याची बारीक पूड करतात. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि खालचे काही दिसू देत नाही. ही पूड डिंकात कालवली की झाकणारा रंग तयार. लेखनिकाच्या हातून चूक झाली की त्या अक्षरावर हा लेप द्यायचा, वाळला की त्यावरच नवे अक्षर लिहायचे. कीड लागू नये म्हणून पोथीचा कागदही पुष्कळदा हरताळाने पिवळा केलेला असे, त्यामुळे दुरुस्ती फारशी डोळ्यांत खुपत नसे. म्हणजे हरताळ फासणे हे ‘लिहिलेले नाहीसे करणे’ होते. वचन, नियम, कीर्ती यांना तो लागू लागला तो पुढचा लाक्षणिक अर्थ.

आर्सेनिकची मराठीतली भावकी मोठी आहे. लाल मनशीळ हे आर्सेनिक आणि गंधक यांचेच दुसरे संयुग; प्रकाशात राहिले तर तेही हळूहळू पिवळे पडून भुगा होते. सोमल म्हणजे आर्सेनिकचा पांढरा ऑक्साइड, कुप्रसिद्ध विष. तरीही रक्ताच्या कर्करोगाच्या एका प्रकारावर तो आज मान्यताप्राप्त औषध आहे. खुद्द आर्सेनिक धातुसदृश मूलद्रव्य: करडे, चकाकणारे, पण ठोकले तर पत्रा न होता फुटणारे. नेहमीच्या दाबाखाली तापवले तर ते वितळत नाही, सुमारे ६१५ अंश सेल्सिअसला थेट वाफ होते. गॅलियमशी जोडले की लेझर आणि एलईडीसाठी लागणारा अर्धवाहक मिळतो. हरताळही विषारीच, म्हणून जुनी पिवळी पोथी चाळताना बोट जिभेला लावू नये.

वापराबद्दल एवढेच, की मथळ्यांत क्रियापद गाळून नुसते ‘नियमांना हरताळ’ छापतात. तिथेही हा खनिज हरताळच समजायचा. ‘नियमांना’मधला ‘ना’ तो कशावर फासला ते सांगतो. ‘नियमांना हरताळ पाळला’ असे मात्र लिहू नये.